शेवटी कुणी प्यायचं

पाळक निवृत्त झाला की त्याला शाल देतात, हार घालतात, चर्चच्या मंडळीतल्या दोन-चार बायका डोळ्याला पदर लावतात, आणि शाल ट्रंकेत जाते न जाते तोच बेळगावच्या चर्च-ऑफिसातून फोन येतो. आम्हालाही आला. "साहेब, तुम्ही निपाणीतच राहणार ना? मग जवळची तीन खेडी जरा बघाल का? महिन्यातून एकेक रविवार. तात्पुरतं हो. माणूस मिळाला की तुम्हाला मोकळं करतो." मी शेजारी उभी राहून नको नको म्हणून मान हलवत होते. यांनी माझ्याकडं पाहिलं, पाठ फिरवली आणि फोनमध्ये म्हणाले, "हो, हो, का नाही."

ते तात्पुरतं वर्षानुवर्षं चाललं. ऑफिसला माणूस मिळत नव्हता म्हणे. शहरातल्या चर्चला बरा मिळतो. तिथल्या एका जागेसाठी चौघं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. जिथं दहा-बारा माणसं, पत्र्याचं छप्पर आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल, तिथं मात्र सत्तरी ओलांडलेला म्हातारा चालतो. मी हे बोलून दाखवलं की हे म्हणायचे, "अगं, सेवेला निवृत्ती नसते." सेवेला नसेल, गुडघ्यांना असते.

मी पाळकाची बायको. आमच्या ख्रिस्ती लोकांत पाळकीणबाई म्हणतात, आणि पाळकीणबाईनं सगळ्यांशी गोड बोलावं अशी अपेक्षा असते. ते मला जन्मात जमलं नाही. आमच्या घरात शांत राहायचं खातं यांच्याकडं आहे आणि रागवायचं माझ्याकडं. हे लिहितेय तेही रागातच लिहितेय, ते आधीच सांगून ठेवते.

यांच्या स्कूटीवर मागं बसून मीही तिन्ही खेड्यांना जायची. एक तर हे गाडी चालवताना मनातल्या मनात उपदेश करतात. एकदा मी नव्हते तर वळण चुकून सरळ कोगनोळीच्या नाक्यापर्यंत गेले होते, महाराष्ट्र आला तेव्हा कळलं. दुसरं म्हणजे प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडं असे. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, रविवारी पहाटे उकळून, गाळून, साखर घालून रस बाटलीत भरायचा. बिनमिठाची जाड पोळी भाजायची. खेड्यात रस गोडच लागतो, नाहीतर बायका तोंड वाकडं करतात. यांना साखरेचा आजार, म्हणून शेवटी यांच्या वाट्याला एखादा घोटच उरेल असं माप मी बसवून टाकलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हे मापाचं सांगायला हवं. प्रभू येशूनं पकडला जाण्याआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, त्याची आठवण म्हणून आम्ही उपासनेत भाकरीचा एक तुकडा खातो आणि द्राक्षरसाचा घोट घेतो. आमच्या जुन्या पद्धतीत सगळ्यांना मिळून प्याला एकच. पाळक तो हातात धरून उभा राहतो. आधी बायका, मग पुरुष, बसल्या ओळीनं एकेक जण पुढं येतो, घोट घेतो, पाळक पांढऱ्या फडक्यानं कड पुसतो आणि पुढच्याला देतो. सगळ्यांचं झालं की उरलेला रस ओतून द्यायचा नाही, घरी न्यायचा नाही. तो पाळकानं प्यायचा. प्याला विसळून ते पाणीसुद्धा त्यानंच प्यायचं.

मी सांगतेय ते गाव सदलग्याच्या पलीकडं, दूधगंगेच्या काठाला आहे. नाव लिहीत नाही. चारी बाजूंनी ऊस, कडेला आमच्या लोकांची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला चर्च. चर्च म्हणजे एक लांबट खोली. खाली सतरंजी, बायका डावीकडं खिडकीच्या बाजूला, पुरुष उजवीकडं. मंडळीचे पंच आप्पा. साखर कारखान्यात वॉचमन होते, आता शेतीची उसाभर करतात. आप्पा दर नाताळला एक गोष्ट सांगायचे. त्यांच्या आजोबांच्या काळी आमच्या लोकांच्या हातचं गावात कुणी काही घेत नव्हतं, पाणी द्यायचं तर वरून ओंजळीत ओतायचे. मग मिशनचा पहिला साहेब आला, त्यानं याच खोलीत वस्तीतल्या सगळ्यांना एका प्याल्यातून दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. आजोबा घरी येऊन आजीला म्हणाले, "आज सायबानं माझं उष्टं घेतलं." आणि दोघंही जेवले नाहीत, नुसते बसून राहिले. हे सांगताना आप्पा डोळे पुसायचे. मी दरवेळी रडले आहे. त्याचा आता मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्या मंडळीत आक्का आहेत. वयानं माझ्याहून लहान, पण अख्खी वस्ती आक्का म्हणते म्हणून मीही म्हणते. नवरा नाही, मुलगी गडहिंग्लजकडं दिलेली. विड्या वळतात. तशा तिथल्या सगळ्याच बायका विड्या वळतात. आक्कांचा आवाज असा की पेटीवाला आला नाही तरी गाणं घसरत नाही. दुसऱ्या ओळीत खिडकीशी त्यांची जागा. त्यांची आई तिथंच बसायची.

दोनेक वर्षांपूर्वी आक्कांना खोकला लागला आणि टीबी निघाला. त्यांनी स्वतःच यांना निरोप धाडला, "डॉक्टर व्हय म्हणंपतोर मी चर्चला येत न्हाय. माझ्यापायी कुणाच्या लेकराला नको." आम्ही त्यांच्या दारात उभं राहून प्रार्थना करून यायचो. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या त्यांनी एकही न चुकवता घेतल्या. पोटात आग पडायची, लघवी लाल व्हायची, तरी घेतल्या. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की आजार गेला, आता तुम्ही चारचौघांसारख्या.

ईस्टरला त्या चर्चला आल्या. धुवून कडक केलेलं लुगडं, केसाला तेल. त्यांच्या जागेवर पेटी ठेवली होती. पेटी आजवर कधी खिडकीपाशी ठेवलेली मी पाहिली नव्हती. आप्पा म्हणाले, "आक्का, खिडकीचं वारं लागंल. तुमी मागं दारापाशी बसा." जसं काही दाराला वारा नसतो. त्या बसल्या. मग प्रभुभोजनाच्या वेळी बायका उठायला लागल्या तसं आप्पांनी हळूच सांगितलं, "आक्का, तुमी शेवटाला या." सगळ्या बायका झाल्या, सगळे पुरुष झाले, मग आक्का आल्या. आणि त्यांच्यानंतर प्याल्यातलं उरलेलं यांनी प्यायलं.

म्हणजे मंडळी बाजूला राहिली आणि उष्टं यांच्या गळ्यात. मी तेव्हा घाबरले, खोटं कशाला बोलू. परतताना स्कूटीवर यांना सदलग्यापासून निपाणीपर्यंत बोलत आले. हे एवढंच म्हणाले, "डॉक्टर बरी झाली म्हणतात ना? मग झालं." दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, त्या बाईंपासून तुमच्या मिस्टरांना काही होत नाही. त्यांनी साखर सांभाळावी." माझी भीती गेली. भीती गेल्यावर जो राग उरला तो सगळा आप्पांच्या वाटचा होता.

पुढच्या महिन्यात उपासना झाल्यावर मी आप्पांना चर्चच्या मागं गाठलं.

"आप्पा, आक्का बऱ्या झाल्यात. तुम्हाला माहीत आहे ना?"

"म्हायती हाय की."

"मग त्यांना शेवटाला का?"

"बाई, मला सोताला भ्या न्हाय. पर बायका बोलत्यात. बारकी पोरं घिऊन येत्यात त्या. उद्या दोन घरं यायची बंद झाली तर मागं ऱ्हातंय कोण? मग बेळगाववालं म्हणणार, माणसंच न्हाईत तर चर्च कशाला. जागा जाईल हातची."

"म्हणजे जागा राखायला आक्कांना बाहेर काढलंत."

"भाईर कुठं? आतच हायती. शेवटाला हायती, येवढंच. कोणतरी शेवटाला असणारच की."

"मग तुम्ही व्हा."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "त्यांच्या मागनं पाळकसायेब घेत्यातच की," ते म्हणाले. "सायबास्नी देव राखतोय."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे मला हाताला धरून गाडीपर्यंत घेऊन आले.

यांची रीत निराळी. हे उपदेशातून सांगणार. एका महिन्यात विहिरीवर परक्या शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागणारा येशू, दुसऱ्या महिन्यात कुष्ठरोग्याला हात लावणारा येशू, तिसऱ्यात आणखी काही. मंडळी माना डोलवायची, आप्पा तर सगळ्यात जास्त. उपदेश संपला की पेटी खिडकीपाशी आणि आक्का दारापाशी. मी यांना म्हणायची, तुम्ही नाव घेऊन सांगा. हे म्हणायचे, "नाव घेतलं की माणूस अडून बसतो. हळूहळू होईल." हळूहळू काय होतं ते मी बघत होते. बायका आता आक्कांनी टेकलेल्या भिंतीला टेकत नव्हत्या.

शेवटी नाताळच्या आधी मी एकटीच बसनं आक्कांकडं गेले. त्या सोप्यात विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, कातरीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, झालं. हात थांबत नव्हते. मी म्हटलं, "आक्का, नाताळला तुम्ही तुमच्या जागेवर बसा. मी तुमच्या मागून येते. मी तुमच्यानंतर प्यायले म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"तुमी माझ्यामागनं आला की लोकं म्हणणार, पाळकीणबाईचं काळीज केवढं मोठं. त्यात माझं काय ऱ्हायलं?" त्यांनी वळलेली विडी ताटलीत टाकली. "रोग हुता तवा मीच लांब बसलोतो. कुणी सांगायला आलं नव्हतं. आता बरी झालो. मला शेवटाला न्हाय प्यायचं, आणि तुमच्या आधारानं बी न्हाय. माझ्या जागंवर बसणार, माझा नंबर आला की उठणार, आणि माझ्यामागनं आप्पांनी यायचं. बास. आप्पा आलं की समदी येत्यात."

मला त्यांचा थोडा रागच आला. मी एवढी बसचे धक्के खात मदत करायला गेले आणि त्यांनी मदत परत दिली. पण परतीच्या बसमध्ये बसल्यावर मला पटलं. मागणं एवढंसंच होतं. एका म्हाताऱ्यानं त्यांच्यानंतर पुढं यायचं.

मध्येच आप्पांचा मुलगा उपटला. बेळगावात कॉलेजात प्राध्यापक आहे, गाडी आहे, मला आँटी म्हणतो. बोलायला अतिशय चांगला. तो नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी आला आणि एक लाकडी ताट टेबलावर ठेवलं. ताटाला भोकं आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा प्याला. "अंकल, मोठ्या चर्चमधून आता सगळीकडं हेच असतं. प्रत्येकाला सेपरेट. हायजिनिक. कुणाला दुखवायला नको, कुणाला मागं-पुढं करायला नको. प्रश्नच मिटला."

"कुणाचा प्रश्न?" मी विचारलं.

"सगळ्यांचाच, आँटी."

हे ताटाकडं बघत बसले. मुलगा गेल्यावर म्हणाले, "तसं वाईट नाही. रस शेवटी तोच."

"रस तोच," मी म्हटलं. "फक्त आता आप्पांना आक्कांच्या मागून यावं लागणार नाही. आणि कुणी कुणाला काही केलंय असंही दिसणार नाही. तुमचा त्रासही वाचला." हे त्या दिवशी नीट जेवले नाहीत. यांना एखादी गोष्ट लागली की हे भात चिवडत बसतात.

नाताळला चर्च भरलं होतं. बेळगाव, निपाणी, पुण्याला नोकरीला गेलेली मुलं-सुना आल्या होत्या, म्हणून मी दुप्पट रस केला होता आणि प्याला काठोकाठ भरला. टेबलावर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मुलानं आणून ठेवलेलं ताट. यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ताट राहू दे. मंडळीनं बसून पुढं काय ते ठरवावं. आज नेहमीसारखंच." मी यांच्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी असा सरळ नकार दिलेला मी हाताच्या बोटांवर मोजीन.

आक्का आल्या, त्यांनी पेटी उचलली, पेटीवाल्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि खिडकीशी बसल्या. शेजारच्या बायका सरकल्या. आप्पांनी काही म्हटलं नाही. एवढ्या पाहुण्यांसमोर काय म्हणणार.

प्रभुभोजनाला रिवाजाप्रमाणे पहिली मी गेले. मग पहिली ओळ. मग आक्का. त्यांनी प्याल्याला दोन्ही हात लावले, घोट घेतला, यांनी कड पुसली, त्या जागेवर जाऊन बसल्या. आणि त्यांच्यानंतर कुणीही उठलं नाही.

शेजारची उठली नाही. मागची ओळ उठली नाही. सुनांनी पोरांना मांडीवर घट्ट धरलं. यांनी पुरुषांकडं पाहिलं. पुढं आप्पा बसले होते, मान खाली. मुलगा ताटाकडं बघत होता. यांनी प्याला हातात घेऊन पुन्हा आमंत्रणाचे शब्द म्हटले, सावकाश, एकेक. मला ओरडायचं होतं. दर नाताळला आम्हाला रडवणाऱ्या त्या माणसाच्या समोर जाऊन, आजोबांचं नाव घेऊन ओरडायचं होतं. यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी गप्प बसले.

मग यांनी उरलेलं प्यायला सुरुवात केली. प्याला अर्ध्याहून जास्त भरलेला, पाकासारखा गोड रस, आणि ओतून द्यायचा नाही हा नियम. हे दोन-तीन घोट घ्यायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायचे. कपाळावर घाम आला. मी उठून यांच्या हातातून प्याला घेतला आणि प्यायले. माझ्याच्यानंही संपेना. तेवढ्यात आक्का खिडकीपासून उठून आल्या, माझ्यापुढं हात केला आणि प्यायल्या, आणि प्याला परत यांना दिला. असा तो आम्ही तिघांनी पाळीपाळीनं संपवला. पन्नासेक माणसं बसून बघत होती. कुणाला गाणं सुचवायचंही सुचलं नाही.

त्या दिवशी आम्हाला निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही. नाहीतर आप्पा डिकीत वांगी, मक्याची कणसं कोंबल्याशिवाय सोडत नसत. घरी आल्यावर यांची साखर वाढलेलीच होती. दोन-तीन दिवस चक्कर येत होती. आणि नवीन वर्षाच्या सुरुवातीला बेळगावहून फोन आला. अगदी आदरानं. साहेबांचं वय झालं, त्या खेड्याचा रस्ता खराब आहे, आता विश्रांती घ्यावी, तिथं एक तरुण प्रचारक नेमला आहे. इतकी वर्षं मिळत नव्हता तो माणूस आठवड्यात मिळाला. बाकीची दोन खेडी मात्र आमच्याकडंच ठेवली. ती कुणाला नको आहेत.

ज्या रविवारी त्या गावाला जायचं असे, त्या रविवारी हे पहाटे उठून दाढी करतात आणि मग खुर्चीत बसून राहतात. मला ते बघवत नाही. पावसाळा संपल्यावर अशाच एका रविवारी मी पर्स उचलली. हे म्हणाले, "भांडू नकोस." मी म्हटलं, "मग मी जाऊन काय करू?"

चर्चमध्ये आता ते लाकडी ताट होतं. प्रचारक भला पोरगा, घाईत होता, त्याला आणखी दोन गावं करायची होती. आक्का खिडकीशी बसल्या होत्या. ताट फिरवताना त्यानं कडेचा एक प्याला काढून आक्कांना दिला. त्या प्याल्याच्या गळ्याला गुलाबी दोरा होता, विडीला गुंडाळतात तोच. आक्कांनी रस प्यायला, सगळ्यांच्या देखत दोरा सोडला, आणि रिकामे प्याले परत ताटात आले तेव्हा आपला त्यांच्या मधोमध ठेवून आजूबाजूचे प्याले भराभर अदलाबदल करून टाकले. मी उठायला लागले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कधीपासून?"

"ताट आलं तवापासनं. दर महिन्याला बांधत्यात, दर महिन्याला मी सोडतो."

"कोण बांधतं?"

"विडीवाल्या बाईची गाठ हाय येवढं कळतंय. आणि हितं समद्याच विड्या वळत्यात." मग त्या पहिल्यांदा थोड्या हसल्या. "प्यालं बदललं की माझा कंचा, त्यांचा कंचा, कुणाला म्हायती? दोरा बांधत्यात त्यो माझाच असतोय असं कुठं हाय? आप्पांनी येव्हाना एकदा तरी माझ्यातनं घेतलंच असणार." हसू गेलं. "पर त्यास्नी ठाव न्हाय. ठाव असून घ्यायला पायजे हुतं."

मी तिथून तडक आप्पांच्या घरी गेले. ते पाणी द्यायला उठले तर म्हटलं बसा, आणि सगळं सांगितलं. ताट, दोरा, प्याल्यांची अदलाबदल, सगळं. "आप्पा, तुम्ही आक्कांच्या प्याल्यातून प्यायलात. ठणठणीत आहात की." त्यांच्या तोंडाचा रंग उतरलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं. हे म्हणतात, मी ते सांगायला नको होतं. मला अजूनही तसं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले. लाकडी ताट कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. प्रत्येकानं आपापला प्याला घरून आणला होता. कुणाचा स्टीलचा पेला, कुणाची वाटी, आप्पांच्या हातात चहाचा कप. प्रचारक रसाचा तांब्या घेऊन ओळीनं ओतत चालला होता. त्याला वाटलं, इथली हीच पद्धत.

आक्कांना कुणी कळवलं नव्हतं. त्या रिकाम्या हातानं आल्या होत्या. त्यांच्यापाशी आल्यावर प्रचारक थांबला, इकडंतिकडं बघायला लागला. मी पर्समध्ये काही सापडतं का बघत होते, तेवढ्यात आक्का उठून उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, जराशा वाकल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडापाशी धरली.

त्या पोराला काही कळलं नाही. त्यानं तांब्या वर धरून वरून रस ओतला. आप्पांना कळलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आक्का मनगटापर्यंत ओघळलेला रस चाटून खिडकीशी बसल्या. मी आप्पांकडं बघत राहिले, आता तरी हा माणूस उठेल म्हणून. ते उठले नाहीत.